कमांडोची गुरगुर

कमांडो मानपाड्याच्या गोपीनाथशेठच्या बंगल्यात आला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि विकीच्या जॅकेटमध्ये मावत होता. जर्मन शेफर्डचं पिल्लू. एक कान उभा, एक पडलेला. गाडीतून उतरता उतरताच विकीने सांगून टाकलं, "नाव कमांडो. मोठा होऊ दे, गेटसमोरून जायची कोणाची हिंमत होणार नाय."

विकी हा गोपीनाथशेठचा एकुलता मुलगा. पिल्लू त्याने आणलं, पण सांभाळलं त्याच्या बायकोने, करिश्माने. करिश्मा बाळकुमची. लग्नाला तीन वर्षं झालेली, बंगल्याच्या तळमजल्यावर तिचं ब्यूटी पार्लर. तिच्या माहेरी कधी कुत्रा नव्हता. पिल्लाचं कसं करायचं ते ती मोबाईलवर बघून शिकत गेली. पार्लरचे जुने टॉवेल त्याच्या अंथरुणाला गेले, एका स्टुलाचा पाय त्याने कुरतडून पेन्सिलीएवढा केला, गिऱ्हाइकांच्या ओढण्या धरून तो लोंबकळायचा. बायका ओरडायच्या आणि हसायच्याही. विकी संध्याकाळी आला की त्याला खांद्यावर घेऊन व्हिडिओ काढायचा. तेव्हा सगळं छान होतं.

सातव्या-आठव्या महिन्यात कमांडो बदलला. पाय लांब झाले, दोन्ही कान उभे राहिले, आवाज फुटला. "बस" म्हटल्यावर आधी झटकन बसायचा, आता ऐकूनही न ऐकल्यासारखं करायला लागला. फिरायला नेला की साखळी ओढत न्यायचा. एमआयडीसीकडे जाणारा टेम्पो दिसला की अंगावर धावून भुंकायचा आणि टेम्पो जवळ आला की करिश्माच्या पायांमागे लपायचा. कुकरची शिट्टी झाली तरी आता दचकत होता. कालपर्यंत त्याच शिट्टीखाली तो घोरत पडलेला असायचा.

विकीला हा स्वतःचा अपमान वाटला. एका रविवारी त्याचे मित्र अंगणात बसले होते. त्याने हाक मारली, "कमांडो, इकडे!" कमांडोने मान वळवून पाहिलं आणि परत कुंडी हुंगायला लागला. मित्र हसले. एक जण म्हणाला, "कमांडो नाय रे, हा तर सरकारी बाबू!" विकीही हसला. मित्र गेल्यावर त्याने कमरेचा पट्टा काढला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गुरगुर झाली. कमांडो मागच्या दाराशी जेवत होता आणि त्याचं भांडं वाटेत होतं. गोपीनाथशेठ तिथून जात होते, त्यांनी ते पायाने बाजूला सरकवलं. कमांडोने मान वर केली नाही, पण त्याच्या घशातून एक खोल, जाड आवाज आला.

"विक्या!" गोपीनाथशेठ तिथूनच ओरडले. "हा मना गुरगुरतो? माझ्या घरात?"

करिश्मा तेव्हा पार्लरमध्ये होती. खुर्चीत गिऱ्हाईक, तिच्या दातात थ्रेडिंगचा दोरा. खिडकीतून तिला विकी दिसला. जिममध्ये कमावलेलं शरीर, गळ्यात जाड चेन, आणि बापासमोर खाली मान घालून उभा. मग तो बागेतला पाइप घेऊन आला. करिश्माने दोरा सोडला, पण उठेपर्यंत सगळं सुरू झालं होतं. खुर्चीतल्या बाईने डोळे गच्च मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी विकीने आतून काटे असलेला पट्टा आणला. ओढलं की काटे मानेत रुतायचे. कमांडो जरा गुरगुरला की हिसका, दात दिसले की पाइप. महिना व्हायच्या आत गुरगुर बंद झाली. भांडं सरकवा, शेपूट ओढा, कानात बोट घाला, कमांडो गप्प.

"बघितलंस?" विकी करिश्माला म्हणाला. "सुधारला का नाय?"

खरं म्हणजे तिलाही बरंच वाटलं होतं. मार तर थांबला होता.

*

लसीसाठी ती कमांडोला डोंबिवलीत डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हा तिथे शिवानी भेटली. शिवानी ठाण्याला घोडबंदर रोडला राहायची, कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवण्याचं काम करायची. ती एका बाईच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडोरला घेऊन आली होती. बाकावर दोघी शेजारी बसल्या. समोर मांजरं ओरडत होती, एक पॉमेरेनियन जिवाच्या आकांताने भुंकत होता, आणि कमांडो करिश्माच्या पायाशी पुतळ्यासारखा बसला होता.

"किती शांत आहे ना आमचा?" करिश्मा कौतुकाने म्हणाली.

शिवानीने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं. सरळ नाही, बाजूने. "शांत नाहीये हो तो," ती म्हणाली. "गोठलाय. बघा, तोंड घट्ट मिटलंय, शेपूट पोटाखाली, श्वाससुद्धा धरून बसलाय. डोळ्यांचं पांढरं दिसतंय ना कडेला? गुरगुरतो का कधी?"

"आधी गुरगुरायचा. आता बंद केलंय."

"कसं बंद केलं?"

करिश्माची नजर पट्ट्याकडे गेली. शिवानीने हात लावला नाही, फक्त वाकून कमांडोच्या पट्ट्याखाली पाहिलं. तिथले केस गेले होते.

"गुरगुरणं म्हणजे त्याचं 'नको' म्हणणं असतं," शिवानी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही ते म्हणणं बंद केलंत. पण त्याला नको वाटतंय ते तसंच आहे आत. उलट वाढलंय. आता सांगायला त्याच्याकडे दातच उरले."

"पण तो ऐकतच नव्हता. लहान होता तेव्हा सगळं ऐकायचा."

"वयच तसं आहे. आपल्याकडे चौदा-पंधराची पोरं कशी वागतात? शिकलेलं विसरत नाहीत, पण अंगात काहीतरी भलतंच चाललेलं असतं. काल ज्याची भीती नव्हती त्याची आज वाटते. नेमकी धीर धरायची वेळ असते, आणि नेमके तेव्हाच लोक मारायला लागतात."

करिश्मा घरी परतली ती पूर्ण रस्ता रिक्षाच्या कोपऱ्यात दबून बसलेल्या कमांडोकडे बघत. महिनाभर ती त्याला शहाणा म्हणत होती.

करिश्माने बोलावलं म्हणून शिवानी एकदा बंगल्यावर आली. विकी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर मोबाईल घेऊन बसला होता. "मॅडम, अटॅक शिकवता का?" त्याने विचारलं.

"नाही. विश्वास शिकवते. वेळ लागतो."

"चिकन दाखवून ऐकवायचं ते? ती तर लाच झाली."

"तुम्ही कोणाचं काम फुकट करता का?"

विकीला हसू आलं. पण तो म्हणाला, "कुत्रा प्रेमाने ऐकत नाय, मॅडम. धाक पाहिजे. आम्हाला पण धाकानेच वळण लागलं."

शिवानीने त्याला सरळ सांगितलं, काट्यांचा पट्टा आजच काढा, मारणं आजच थांबवा, नाहीतर हा एक दिवस काहीही न सांगता चावेल. विकी "हो हो, मॅडम" म्हणाला. गेटपर्यंत सोडायलाही गेला. पट्टा त्याने काढला नाही.

मग करिश्माने दुपार धरली. विकी साइटवर, गोपीनाथशेठ झोपलेले, पार्लरला गिऱ्हाईक नाही, अशा वेळी ती कमांडोला गच्चीवर न्यायची, काट्यांचा पट्टा काढून साधा कापडी पट्टा घालायची. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे डब्यात. ती त्याचं नाव घ्यायची आणि त्याने पाहिलं की तुकडा. एवढंच. पाहिलं नाही तर ती थांबायची. पाण्याच्या टाकीखाली तिने त्याला एक सतरंजी घालून दिली. तिथे तो असला की त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, हा तिने स्वतःला घातलेला नियम. तो जेवत असताना ती लांबून चालत जायची आणि जाता जाता त्याच्या भांड्यात एक चांगला तुकडा टाकून पुढे निघून जायची. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट मिळतं, एवढं त्याला कळायला हवं होतं.

पहिले काही दिवस कमांडो तुकडा घेऊन लगेच मागे सरायचा. नंतर सरेनासा झाला. एकदा त्याने आपण होऊन तिच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि करिश्मा श्वाससुद्धा जपून घेत बसून राहिली.

गच्चीवर तिची सासू, गोदाबाई, सुकट वाळत घालायला यायची. आधी ती नाक मुरडायची. मग एक दिवस पदराखालून वाटी काढली, वाटीत कलेजी होती. "दे त्याला. चिकनवर कंटाळला असंल."

दोघी सावलीत बसल्या. कमांडो सुकटीकडे बघत होता, पण उठत नव्हता.

"विकी लहानपनी लय बोलायचा," गोदाबाई अचानक म्हणाली. "बापाला उलट बोलायचा. नाय जेवनार, नाय जानार, ह्यांव नाय, त्यांव नाय. ह्यांचा हात तर तुला ठाव हाय. बैलाची दोरी घेत. मंग एक वर्साला गपच झाला पोरगा. लोक मना बोलायची, गोदा, तुझा पोर किती सुधारला."

करिश्माचा हात डब्यातच राहिला. गोदाबाई उठली, सुकट उलटीसुलटी केली आणि खाली निघून गेली.

त्या दिवशी करिश्मा विकीला म्हणाली, "कमांडो घाबरतो रे तुला."

"घाबरलाच पाहिजे," विकी आरशात दाढी न्याहाळत म्हणाला.

*

विकीच्या चुलत बहिणीची हळद बंगल्यासमोरच्या मोकळ्या जागेत होती. दुपारपासूनच मोठमोठे स्पीकर येऊन पडले होते आणि संध्याकाळी जेव्हा ते वाजायला लागले तेव्हा पार्लरच्या काचा थरथरत होत्या. करिश्माने कमांडोला मागच्या खोलीत ठेवलं, पंखा लावला, खिडकीला जाड चादर बांधली, विकीला बजावून सांगितलं, "आज त्याला बाहेर काढू नको."

पाहुण्यांचं ताट वाढताना तिला गर्दीत वाट मोकळी होताना दिसली. विकी कमांडोला घेऊन येत होता. गळ्यात काट्यांचा पट्टा. मित्रांनी रस्ता केला, मोबाईल वर झाले. "बस!" विकी ओरडला आणि कमांडो बसला. "बघा, एवढ्या आवाजात पण! हलणार नाय!"

टाळ्या पडल्या. विकीचा चेहरा खुलला होता. गोपीनाथशेठ खुर्चीतून उठून आले. अंगावर हळदीचे पिवळे डाग, मूड छान. "अरे, घरातला हाय तो. त्यालाही लावा हळद!" असं म्हणत त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि कमांडोच्या तोंडावर वाकले.

करिश्माला कमांडोचं मिटलेलं तोंड दिसलं. डोळ्यांची पांढरी कड दिसली. तिच्या हातातलं ताट पडलं. "पप्पा, नको!" ती किंचाळली, पण त्या गाण्यात ते कोणाला ऐकू जाणार?

कमांडो गुरगुरला नाही. दात दाखवले नाहीत. गोपीनाथशेठच्या हाताचा त्याने एकदाच चावा घेतला आणि सोडून मागे सरला.

गाणं बंद व्हायला वेळ लागला. तोवर हळदीच्या हातावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. गोपीनाथशेठनी आधी हाताकडे पाहिलं, मग विकीकडे, आणि दुसऱ्या हाताने सगळ्या भावकीसमोर त्याच्या थोबाडीत मारली. एकोणतीस वर्षांच्या विकीने मान खाली घातली. तो वळला, मांडवाचा एक बांबू त्याच्या हाताला लागला, आणि तो कमांडोकडे निघाला.

करिश्मा मध्ये उभी राहिली.

"सर बाजूला."

"नाही."

"करिश्मा, सर!"

"मला मार मग," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. विकीचा बांबू तसाच राहिला. सगळे बघत होते. ती पाठ न दाखवता मागे सरत कमांडोपर्यंत गेली, साखळी सैल धरली आणि त्याला गच्चीवर घेऊन गेली.

हॉस्पिटलात गोपीनाथशेठना टाके घालावे लागले, इंजेक्शनं सुरू झाली. "तो कुत्रा उद्या दिसता कामा नये," ते डॉक्टरांसमोरच म्हणाले. "शहापूरच्या जंगलात सोडून या."

डॉक्टर म्हणाले, "मुळीच सोडायचा नाही. मारायचाही नाही. दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. तो ठणठणीत राहिला तर तुमची रेबीजची काळजी मिटली."

स्वतःच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे गोपीनाथशेठनी ते मान्य केलं.

*

गच्चीचं दार आता बंद असायचं. किल्ली करिश्माकडे. तिने काट्यांचा पट्टा जिन्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि कोणाला विचारलं नाही. शिवानी रोज फोन करायची. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आत्ता काही शिकवू नको. त्याला झोपू दे. तूही झोप."

दुसऱ्या दिवशी विकी वर आला. करिश्माने दार उघडलं, पण उंबऱ्यापुढे येऊ दिलं नाही. विकीच्या चपलांचा आवाज आला तसा टाकीखालचा कमांडो उभा राहिला. मग त्याचे मागचे पाय वाकले आणि सतरंजीवर लघवीचा ओघळ पसरला. एवढा मोठा कुत्रा, विकीच्या कमरेपर्यंत येणारा. तो तसाच ओल्यात उभा राहिला, मान खाली घालून.

विकी उंबऱ्यातच थबकला. मग कमांडोलाच म्हणाला, "मी मारायला नाय आलो रे."

"त्याला ते कसं कळणार?" करिश्मा म्हणाली.

त्या दिवशी तो खाली जाऊन गाडीत बसून राहिला. गाडी सुरू न करता.

तिसऱ्या दिवशी तो परत आला, अनवाणी. शिवानीने फोनवर सांगितलं होतं तसं करिश्माने त्याला दाराजवळ कमांडोकडे पाठ करून बसायला सांगितलं. बघायचं नाही, बोलवायचं नाही, अधूनमधून पाठीमागे चिकनचा तुकडा टाकायचा. विकी बसला. कपाळावर घाम, मांडी सारखी हलत होती. कमांडो टाकीखालून बाहेर आला नाही. तुकडे तसेच पडून राहिले, मुंग्या लागल्या. विकी उद्या येणार नाही असं करिश्माला वाटलं. तो आला. त्याच्या पुढच्या दिवशीही आला. एकदा पाठ करून बसल्या बसल्या म्हणाला, "बाबा मला मारायचे ना, तेव्हा मी मनात आकडे म्हणायचो. कितीपर्यंत जातायत ते." करिश्मा कपडे वाळत घालत होती. तिने पुढचं ऐकायला हात थांबवले, पण पुढचं काही आलं नाही.

शेवटी एका दुपारी कमांडो बाहेर आला. मान लांब करून, पोट जमिनीला लावत, सगळ्यात लांबचा तुकडा त्याने उचलला. मग त्याच्या अलीकडचा. विकीला पाठीमागे चावण्याचा आवाज आला आणि त्याला राहवलं नाही. तो वळला, "शाब्बास, माझा राजा!" म्हणत त्याने डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला.

कमांडो गुरगुरला.

बारीक, फाटका आवाज होता, बऱ्याच दिवसांनी वापरल्यासारखा. विकीचा पुढे केलेला हात झटकन वर गेला. खांद्यापर्यंत, मागे खेचलेला, पंजा उघडा. कमांडोने डोळे मिटून घेतले.

"विकी," करिश्मा म्हणाली. "तो सांगतोय. मागे सर."

विकीचा हात तसाच हवेत. त्याने स्वतःच त्या हाताकडे पाहिलं. मग खाली घेतला आणि बसल्या बसल्या दोन फूट मागे सरकला. गुरगुर थांबली. कमांडोने डोळे उघडले, अंग झाडलं, आणि उरलेला तुकडा खाल्ला.

"बास?" विकीने विचारलं. "एवढंच पाहिजे होतं त्याला? मी जरा मागं सरायचो, एवढंच?"

करिश्मा रडत होती. कमांडोचा आवाज परत आला म्हणून रडत होती, आणि तो वर गेलेला हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता म्हणूनही.

*

दहा दिवस सरले. कमांडो ठणठणीत होता. गोपीनाथशेठच्या हाताचं बँडेजही लहान झालं होतं. जेवायला सगळे बसले असताना तेच म्हणाले, "राहू दे कुत्रा. विक्या बोलतो मी सांभाळतो. वरच ठेवा, खाली आणू नका म्हणजे झालं."

विकीने आशेने करिश्माकडे पाहिलं. ती पोळी वाढत होती.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "तो इथे राहणार नाही. वासिंदला शिवानीताईंच्या ओळखीचे लोक आहेत. त्यांना सगळं सांगितलंय, चावल्याचंही. ते घ्यायला तयार आहेत."

"कोणाला विचारलंस?" विकी उठला. "माझा कुत्रा आहे तो! आता मी शिकतोय, रोज वर येऊन बसतोय, तर तू त्याला पाठवतेस?"

"तुझा हात वर गेलेला. मी पाहिला."

"मारलं नाय पण!"

"नाही मारलंस. खरंच नाही मारलंस." तिने पोळ्यांचा डबा खाली ठेवला. "पण हात वर गेला की डोळे मिटायचे, आणि मग खाली येतोय की नाही याची वाट बघायची. असं त्याने रोज का जगायचं? तू शिकेपर्यंत?"

गोपीनाथशेठ डाव्या हाताने भात कालवत होते, ते थांबले. बोलली ती गोदाबाई, ताटातून नजर वर न काढता. "जाऊ दे त्याला. या घरातून एक तरी सुटू दे."

गोपीनाथशेठनी तिच्याकडे पाहिलं. अशा पाहण्यावर ती एरवी उठून आत जायची. आज ती बसून राहिली, आणि थोड्या वेळाने तेच ताट सारून उठले.

वासिंदचं घर लहान होतं, बैठं, भोवती उंच कुंपण आणि चिकूची चार झाडं. साईनाथकाका आणि मंजुळाकाकू दोघांनी आयुष्यभर कुत्रे पाळलेले. शिवानी आधीच येऊन थांबली होती. कमांडो गाडीतून उतरला तेव्हा दोघांपैकी कोणी पुढे झालं नाही. काका एका खुर्चीत बसून वाटाणे सोलत राहिले. काकूने कोपऱ्यातला आडोसा दाखवला. "ही त्याची जागा. इथे आम्ही जाणार नाही."

विकीने गाडीच्या डिकीतून सतरंजी काढून काकूंकडे दिली. धुऊन आणली होती. "त्याला कुकरचा आवाज आवडत नाय," तो म्हणाला. आणखी काही सांगायचं होतं बहुतेक, पण नाही सांगितलं. कमांडो नाक जमिनीला लावून कुंपणाच्या कडेकडेने चालत सुटला होता.

"मी येऊ शकतो ना भेटायला?" विकीने शिवानीला विचारलं.

"आत्ता नको. काही महिने जाऊ दे. मग मी सांगेन."

"मागे वळून पण नाय बघितलं," गाडी हायवेला लागल्यावर विकी म्हणाला. करिश्माने समजूत घातली नाही. घालावीशीही वाटली नाही.

पडघ्याला त्याने चहासाठी गाडी थांबवली. ट्रकवाल्यांच्या गर्दीत दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली.

"आई मागे लागलीय ना तुझ्या," विकी कपाकडे बघत म्हणाला. "मुलाचं."

"हो."

"तू काय बोलतेस तिला?"

"आजपर्यंत लाजून हसायचे." करिश्माने कप खाली ठेवला. "विकी, मला मूल हवंय. पण मला भीती वाटते. ते दोन वर्षांचं झालं की नाही म्हणायला शिकेल. चौदा वर्षांचं झालं की दार आपटेल. तेव्हा तुझा हात..." तिने वाक्य सोडून दिलं.

त्याच्या जबड्याची हाडं हलत होती. तो आता चिडेल असं तिला वाटलं आणि नकळत तिने स्वतःची खुर्ची जरा मागे घेतली. ते विकीने पाहिलं.

"शिवानी मॅडम माणसांना शिकवतात का?" त्याने विचारलं. थट्टा होती की नव्हती ते कळलं नाही.

"माणसांसाठी वेगळे काउन्सेलर असतात. डोंबिवलीतही आहेत. पण तुला जायला लागेल. मी नेणार नाही."

त्याने मान हलवली. हो म्हणून की ऐकलं म्हणून, तेही कळलं नाही.

घरी पोचल्यावर करिश्माने बाळकुमला फोन लावला. येत्या आठवड्यात येते, थोडे दिवस राहीन, असं आईला सांगितलं. किती दिवस, असं आईने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, बघू. विकी बाजूच्या पलंगावर बूट काढत बसला होता. त्याने सगळं ऐकलं. जाऊ नकोस म्हणाला नाही. पार्लरचं काय, असंही म्हणाला नाही.

बराच वेळ एक बूट हातात घेऊन तो बसून राहिला. मग म्हणाला, "मी सोडायला येऊ?"

करिश्माने लगेच उत्तर दिलं नाही. आणि विकीने ते परत विचारलं नाही. तो थांबला.

"ये," ती म्हणाली. "पण राहायला नको येऊ."